दुसरा वाडगा

आमच्या वन्सं राहतात ते शहर बटणांसाठी प्रसिद्ध आहे, एवढंच आम्हाला वर्षानुवर्षं माहीत होतं. बटणांचा भलामोठा कारखाना, त्याची धुराडी, आणि त्या धुराड्यांच्या सावलीत कुठल्याशा खोलीत राहणारी माझी नणंद, असं चित्र आमच्या घरात पक्कं बसलं होतं. कुणी विचारलं की हे सांगायचे, "आक्का ना? ती तिकडे, बटणांत." जणू बाई नव्हेत, सुईदोराच.

वन्सं कारखान्यात बटणं तपासायच्या. पट्ट्यावरून बटणं सरकत जायची. ज्याचं भोक वाकडं, ज्याची कड उडालेली, ते बटण दोन बोटांत उचलून बाजूला टाकायचं, हे त्यांचं काम. लग्न त्यांनी केलं नाही. ("भोकं सरळ असलेला एक मिळाला नाही," असं त्या म्हणतात.) यंदा त्या निवृत्त झाल्या आणि त्याच आठवड्यात ह्यांनी जाहीर केलं, "आक्काला आता घरी आणायचं."

"त्यांना विचारलंत का?" मी म्हटलं.

"त्यात विचारायचं काय? भाऊ असताना बहीण परक्या गावात एकटी राहणार?"

ह्यांचंही चुकत नव्हतं. गेल्या हिवाळ्यात वन्सं जिन्यावरून घसरल्या, हात मोडला, आणि प्लास्टर निघाल्यावर फोनवर सांगितलं, तेही हवापाण्याच्या गप्पांच्या अधेमधे. त्या दिवसापासून अवेळी फोन वाजला की हे खुर्चीतून अर्धे उठतात.

ह्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. हे चहाच्या कंपनीत टी-टेस्टर होते. लांबलचक टेबलावर कपांची रांग. प्रत्येक कपातून चमचाभर चहा सुर्र करून ओढायचा, डावा डोळा मिटून तोंडात खेळवायचा, थुंकायचा आणि पुढच्या कपाकडे वळायचं. शेजारीच दुसरे टेस्टर उभे असतात. त्यांना आपल्या मनाचा पत्ता लागता कामा नये, म्हणून चेहरा कोरा ठेवायचा. आणि एकाच कपाचा दुसरा घोट कधी घ्यायचा नाही. ह्यांच्या मते चव पहिल्या घोटालाच कळते, दुसऱ्या घोटाला माणूस स्वतःला फसवतो. नोकरी संपली तरी ही सवय काही संपली नाही. आमच्या संसारात ह्यांनी एकही पदार्थ "अजून वाढ" म्हणून मागितलेला मला आठवत नाही. आवडलं की नाही हे रिकाम्या ताटावरून मीच ओळखायचं.

त्यात माझा जेवताना न बोलण्याचा नेम. त्यामुळे आमच्या घरी जेवणाच्या वेळी फक्त घड्याळ ऐकू येतं. एकदा पाहुण्या आलेल्या एक बाई हात धुताना मला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाल्या, "घरात काही वाईट घडलंय का?"

तर अशी आमची जोडी वन्संना आणायला निघाली.

स्टेशनातून बाहेर पडलो आणि मी थबकलेच. धुराडी होती, नाही असं नाही, पण ती बिचारी दूर कोपऱ्यात उभी होती. समोर उतरत्या गल्ल्या, गल्लीच्या टोकाला नदी, आणि प्रत्येक घराचं दार वेगळ्या रंगाचं. जांभळं, पोपटी, शेंदरी, एक तर मोरपिशी. कारखान्यात उरलेला रंग कामगार घरी नेत आणि ज्याच्या वाट्याला जो येईल तो दाराला फासत. नापास बटणंही कुणी फेकत नसत. भिंतीचं प्लास्टर ओलं असताना पोरं ती त्यात दाबून ठेवत. संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की अख्खी भिंत लुकलुकायची.

"किती गोड गाव आहे हो!" मी म्हटलं.

"ओल फार दिसते," हे म्हणाले.

वन्संची खोली एका पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानावर होती, तिसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद, कठडा एकाच बाजूला आणि तोही हलणारा. हे प्रत्येक पायरीवर थांबून कठडा हलवून बघत होते आणि माझ्याकडे वळून बघत होते. खोलीत खळीचा वास, एक पलंग, शेगडी, खिडकीत फुलझाडांच्या कुंड्या. वन्संनी आम्हाला नीट बसूही दिलं नाही. "चला, भुका लागल्या असतील. घरी काही केलेलं नाही, मुद्दामच."

त्यांनी आम्हाला नदीकाठच्या एका खानावळीत नेलं. ती दोघी बहिणी चालवायच्या. एक रांधायची, दुसरी वाढायची, आणि कशावरून तरी बिनसल्यामुळे दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. गिऱ्हाइकानेच आत डोकावून "बटाटे हवेत म्हणते तुमची बहीण" असं सांगायचं. बटाटे आले. सालासकट भाजलेले, वरून लोणी आणि खरबरीत वाटलेली मोहरी. घास तोंडात गेला आणि मोहरी सरळ नाकात चढली. डोळ्यांत पाणी आलं आणि मन कसं प्रसन्न झालं. पहिला घास मी मनातल्या मनात देवापुढे ठेवलाच होता. असं काही एकटीने खाणं बरं नाही.

"कसं आहे?" वन्संनी भावाला विचारलं.

"बरं आहे."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं."

त्या माझ्याकडे वळल्या. "तू सांग गं." मी तोंडापुढे बोट धरलं. वन्संनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! एक बोलत नाही आणि एकाचं थोबाड बोलत नाही. त्यापेक्षा भिंतीला जेवायला घातलं असतं, निदान बटणं तरी चमकली असती!"

हे पाणी प्यायले आणि मुद्द्यावर आले. "आक्का, सामान कधी बांधायचं?"

वन्संनी ताटली बाजूला सारली. मग खुर्ची पुढे ओढली. "बाळ्या, पैज लाव. तू जाईपर्यंत या गावातली कुठलीही गोष्ट एकदा खाऊन परत मागितलीस, तर मी इथेच राहणार आणि तू हा विषय पुन्हा काढायचा नाहीस. नाही मागितलीस, तर मी मुकाट्याने तुझ्यामागून गाडीत चढते."

ह्यांना हसू आलं. आतल्या आत, पण मला ते दिसतं. "लागली," हे म्हणाले.

हात धुवायला गेल्यावर मी वन्संना गाठलं. "वन्सं, काय केलंत हे? ह्यांनी आजवर कधी..."

"मला सांगतेस? लहानपणी मीच भरवायचे त्याला. टपालपेटीसारखं तोंड उघडायचा आणि मिटायचा."

"मग?"

"मग काय? पाया पडले तर ऐकेल तो? रडले तर जास्तच न्यायला बघेल." त्या टॉवेलला हात पुसत राहिल्या, पुसून झाले तरी. "माझ्याकडे दुसरं आहे काय, सांग. हे एक गाव आहे. तेच पुढे करणार."

दुसऱ्या दिवसापासून वन्संनी ते गाव आमच्यापुढे वाढायला घेतलं. एका बोळात भट्टी होती, तिथला पाव दारातच फोडून खायचा असतो, कारण घरी नेईपर्यंत त्याची वाफ जाते. वाफेबरोबर अर्धी चव जाते असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटलं. एका चिंचोळ्या दुकानात साखरेच्या पाकात मंद शिजवलेली नासपती मिळायची, देठासकट. दुकानदारीण देठ धरून ती बशीत अशी उभी करायची, की खायला चमचा लावायचा जीव होऊ नये. एका पुलावर म्हातारा मक्याची कणसं भाजायचा. कणीस हातात दिलं की तो आपल्या तोंडाकडे टक लावून बघत बसायचा, पहिला दाणा चावल्यावर मान डोलावायचा आणि मगच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचा.

आणि प्रत्येक ठिकाणी वन्संना हाका. "मावशी, हात कसा आहे?" "मावशी, पाहुणे कुठले?" "मावशी, ते कोपऱ्यावरचं निळं दार आता पिवळं झालं, बघितलंत का?" पाच मिनिटांच्या रस्त्याला आम्हाला अर्धा तास लागायचा. संध्याकाळी लोक खुर्च्या बाहेर मांडून बसत, आणि वन्सं गेल्या की एखादी खुर्ची आपोआप रिकामी होई.

हे सगळीकडे यायचे. सगळं खायचे. "बरं आहे," म्हणायचे. म्हाताऱ्याच्या कणसाच्या वेळी तर कमालच झाली. म्हातारा ह्यांच्या तोंडाकडे बघतोय, बघतोय, आणि चेहऱ्यावर काहीच नाही. शेवटी त्याने घाबरून दुसरं कणीस पुढे केलं. हे म्हणाले, "नको." वन्संनी एवढा मोठा श्वास सोडला, की पुलावरची कबुतरं उडाली.

"एक जागा राहिलीच," त्या मला म्हणाल्या. "पैलवानाचं सूप. रात्रपाळीचे कामगार सुटतात ना, त्यांच्यासाठी पहाटे उघडतो आणि उन्हं वर यायच्या आत पातेलं रिकामं. तू देवापुढून उठेस्तोवर सगळं आटोपलेलं असतं. तुझ्या देवाला जरा लवकर उठव की!"

"देव लवकरच उठतात, वन्सं. माझीच माळ लांब आहे."

"मग माळेतले चार मणी काढ."

तुम्ही दोघं जाऊन या, मी म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, "तुला सोडून खायचं म्हणजे मग तू नुसती बघणार, त्या डोळ्यांनी. नको बाई." ह्यांना पहाटे फिरायची सवय. मी डोळे मिटून जपाला बसले की दाराची कडी हळूच वाजायची, आणि जप संपून डोळे उघडले की हे खिडकीशी वर्तमानपत्र वाचत बसलेले असायचे. "कुठे जाऊन आलात?" "धुराडी बघून आलो." रोज धुराड्यांत बघायचं तरी काय, असं वाटायचं, पण पुरुषांना यंत्रांचं वेड असतंच. एकदा ह्यांच्या बाहीवर शेंदरी डाग दिसला. म्हटलं, कुठल्याशा दाराला टेकले असतील. मी साबणाने घासून काढला. दुपारच्या जेवणात हे हल्ली कमी खायचे, तेही मी गावच्या पाण्यावर ढकललं.

दिवस संपत आले. जायच्या आदल्या संध्याकाळी वन्संनी स्वतःहून कुंड्या खाली नेऊन पुस्तकवाल्याच्या बायकोला दिल्या. वर आल्या तेव्हा पदराने हात पुसत होत्या. "तिच्याकडे ऊन चांगलं येतं," एवढंच म्हणाल्या. मग कपाट उघडून साड्यांच्या घड्या घालत बसल्या. एकही टोमणा नाही, एकही गोष्ट नाही. ह्यांनी दोनदा घसा साफ केला, काहीतरी बोलतील असं वाटलं, पण "पहाटे लवकर उठायचंय" म्हणून ते कूस बदलून झोपले.

"गाडी तर दुपारची आहे," मी म्हटलं.

पहाटे मी आंघोळ करून डबीतले देव मांडले, दिवा लावला आणि डोळे मिटले. कडी वाजली. हे गेले. थोड्या वेळाने जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि दारावर थाप पडली.

"मावशी! मावशी, वाचवा!"

वन्संनी दार उघडलं. "काय रे पैलवाना? आणि पातेलं कुणावर टाकून आलास?"

माझे डोळे मिटलेलेच होते. पण आवाजावरून माणूस चांगलाच आडवा असावा, कारण तो आत आल्यावर दिव्याची ज्योत हलली असं मला वाटलं.

"मावशी, माझं दुकान बंद होणार. इन्स्पेक्टर आलाय."

"आता? पहाटे?"

"आता नाही, रोज! आठवडाभर! तुम्ही कारखान्यात तपासणीवर होतात, तुम्हाला या लोकांची भाषा कळते. तुम्ही चला आणि बोला. मला तर त्याच्यासमोर घामच फुटतो."

"पण इन्स्पेक्टर आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तुम्ही त्याचं खाणं बघा ना! साधा माणूस सूप पितो. हा तपासतो. आधी चमच्याला वास घेतो. मग सुर्रकन असा ओढतो, की बाकीची गिऱ्हाइकं वळून बघतात. मग छताकडे बघतो आणि एक डोळा मिटतो."

माझ्या हातातली माळ थांबली.

"एक डोळा?" वन्संनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी सपाट होता.

"डावा. चेहऱ्यावर माशी बसेल पण भाव बसणार नाही. एक शब्द बोलत नाही. आणि मावशी, सगळ्यात वाईट म्हणजे, पहिल्या वाडग्यात त्याला काही सापडत नाही ना, म्हणून रोज दुसरा मागतो!"



"रोज?" वन्सं म्हणाल्या.

"रोज! तोही संपवतो, तळापर्यंत बघतो. काल तोंड उघडलं तर म्हणे, 'मिरी कधी कुटता?' मेलोच मी."

मला हसू आवरेना आणि जप मोडता येईना. पोट गदगदा हलत होतं. एकीकडे वाटत होतं, आपला नवरा, त्याला सावध करावं. दुसरीकडे कपाटातल्या त्या साड्यांच्या घड्या. शेवटी दोन्हीपैकी काहीच माझ्या हातात नव्हतं, हातात माळ होती. वन्सं माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "अगं आटप. देवाला सांग, आज इन्स्पेक्टर पकडायचाय." त्या दिवशी माझी माळ जरा जास्तच भरभर फिरली. एकही मणी गाळला नाही, पण प्रत्येकापाशी फार वेळ थांबलेही नाही.

पैलवानाचं दुकान म्हणजे एक खिडकी, चार स्टुलं आणि आंघोळीच्या हंड्याएवढं पातेलं. बायको पातेल्याशी उभी होती, रडवेली. तीन स्टुलांवर कामगार पेंगत होते. चौथ्यावर आमच्याकडे पाठ करून हे. समोरचा वाडगा पुसल्यासारखा स्वच्छ. आम्ही बघत असतानाच ह्यांनी शांतपणे एक बोट वर केलं. पैलवानाच्या बायकोने दुसरा वाडगा आणून ठेवला.

वन्सं ह्यांच्या पाठीशी जाऊन उभ्या राहिल्या. पदर सारखा केला.

"साहेब," त्या म्हणाल्या, "परवाना दाखवू का?"

चमचा हवेतच थांबला. हे वळले नाहीत. पण कानाच्या पाळ्या अशा लाल झाल्या, की त्या गावातल्या कुठल्याही दाराला शोभल्या असत्या.

"मी फिरायला आलो होतो," हे पातेल्याकडे बघत म्हणाले.

"धुराडी बघायला."

"वाटेत थांबलो."

"रोज?"

"पैज मागण्याची होती. मी मागितलं नाही. यांनी आणून ठेवलं."

"साहेब," पैलवान मागून काकुळतीने म्हणाला, "तुम्ही बोट वर केलंत ना."

"बोट वर करणं म्हणजे मागणं नव्हे."

"मग काय, पावसाचा अंदाज घेत होतास?" वन्सं म्हणाल्या.

"मावशी, भांडू नका हो त्यांच्याशी," पैलवानाने त्यांचा हात धरला. "बंद करतील!"

"हा? हा काय बंद करणार! हा माझा भाऊ आहे."

पैलवानाने ह्यांच्याकडे बघितलं, मग वन्संकडे, मग माझ्याकडे. मी होकाराची मान हलवली. "भाऊ? मग खात्यातले नाहीत?"

"चहा चाखायचा हा, कंपनीत."

"मग माझं सूप का तपासतात?"

"तेच विचारायला आलेय," वन्सं म्हणाल्या आणि कामगाराला सरकवून शेजारच्या स्टुलावर बसल्या. "बोल."

ह्यांनी चमचा खाली ठेवला. "पहिल्या दिवशी रस्ता चुकलो. वास आला म्हणून बसलो. एक वाडगा संपवला आणि उठलो. अगदी कोपऱ्यापर्यंत गेलो, आक्का, खरंच गेलो. मग परत आलो."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू राहिली असतीस."

"मग यायचं बंद करायचं होतंस!"

"केलं की. मंगळवारी नाही खाल्लं."

"मंगळवारी आमची सुट्टी असते, साहेब," पैलवान हळूच म्हणाला. "तुम्ही येऊन दार वाजवलंत. आम्ही आत लपून बसलो होतो."

पेंगणाऱ्यांपैकी एक कामगार फिस्सकन हसला. वन्सं मात्र हसल्या नाहीत. भावाकडे बघत राहिल्या. "काल रात्री मी साड्यांच्या घड्या घालत होते. तू बघत होतास."

"हो."

"तेव्हाही बोलला नाहीस."

ह्यांनी वाडगा थोडा बाजूला सरकवला. चेहरा नेहमीसारखाच होता, पण आवाज तसा नव्हता. "तू त्या जिन्यात पडलीस. तो कठडा मी पाहिला. रोज चढता-उतरताना डोळ्यांपुढे येतं की तू खाली पडली आहेस, हात मोडलाय, आणि हाक मारायला कुणी नाही. सूप चांगलं आहे म्हणून तुला तिथे ठेवून जाऊ?"

"एकटी?" वन्संनी भुवया चढवल्या. "कोण एकटी? अरे, पुस्तकवाला, त्याची बायको, वरचा सनईवाला, पोस्टमन, सगळे जिन्यात. इतकी गर्दी की मलाच खाली उतरायला जागा नव्हती! प्रत्येक जण आपापला उपाय सांगत होता. शेवटी या पैलवानाने मला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात नेलं. पाठीवर! माझ्या वयाला! अख्खी गल्ली मागून. हात बरा होईपर्यंत रोज सकाळी याची बायको सूप घेऊन वर यायची, आणि मी संपवल्याशिवाय खाली जायची नाही."

"हे तू फोनवर सांगितलं नाहीस."

"पाठीवरून गेले, हे फोनवर सांगायचं असतं का?"

ह्यांनी पैलवानाकडे बघितलं. चांगलं निरखून, वरपासून खालपर्यंत. तो बिचारा पुन्हा घाबरला आणि त्याने ॲप्रन सरळ केला. मग हे स्टुलावरून उठले आणि त्याच्यापुढे हात जोडले. असे हात जोडलेले मी ह्यांना फक्त देवळात पाहिलेत, आणि तिथेही माझ्या आग्रहामुळे.

"तू हरलास, बाळ्या," वन्संचा आवाज भरून आला होता, म्हणून त्या जरा मोठ्याने म्हणाल्या. "विषय पुन्हा काढायचा नाही."

"नाही काढत. राहा तू." मग थांबून, "कठड्याचं मात्र मी करून घेणार. सुताराला आजच गाठतो. गाडी उद्याची धरू."

"कठड्यासाठी की सूपासाठी?"

"कठड्यासाठी," हे म्हणाले आणि बसून दुसरा वाडगा पुढे ओढला.

मला कुणी विसरलं नव्हतं. पैलवानाच्या बायकोने माझ्यापुढेही वाडगा ठेवला. त्यात काय काय आहे ते मी विचारून घेतलं. भोपळा, लसूण, लोणी, मिरी, दुसरं काही नाही. मग पहिला चमचा देवाला दिला आणि माझं मौन सुरू झालं. भोपळा आधी भाजलेला होता, त्याचा गोडवा जिभेवर हळूच येऊन बसत होता, आणि तो बसतोय न बसतोय तोच मागून ताज्या मिरीचा तिखट झटका. कोपऱ्यावरून माणूस परत का येतो ते मला कळलं. पण ते कळलं तसं दुसरंही काही कळलं. मी इतकी वर्षं रांधतेय. भोपळाही केलाय, किती तरी वेळा. माझ्यासाठी ह्यांचं बोट कधी वर झालं नाही.

सूप गरम होतं. विचारायला घाई झाली होती, आणि वाडगा काही संपेना. ह्यांना माझ्या तोंडावरून समजलं असावं, कारण हे अस्वस्थ होऊन माझ्या वाडग्यात किती उरलंय ते बघत होते. वन्संही बघत होत्या. शेवटचा चमचा संपला. मी पाणी प्यायले.

"अहो," मी म्हटलं, "माझ्या हातचं कधी दुसऱ्यांदा मागितलं नाहीत ते?"

हे खरोखरच गोंधळले. चमच्याला लागलेलं सूप पुसायचंही विसरले. "मागू कधी?" म्हणाले. "तू मला मागायला कुठे देतेस? ताट अर्धं झालं की वाढलेलं असतं. तुला बोलायचं नसतं, म्हणून तू सारखी ताटाकडेच बघत असतेस. आवडलेलं आणि न आवडलेलं तुला माझ्याआधी कळतं. न आवडलेलं तू कधी दुसऱ्यांदा वाढलंस?"

मी आठवून पाहिलं. नव्हतं वाढलं.

वन्संनी आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. "अरे देवा," त्या म्हणाल्या. "आणि मी समजत होते, या घरात कुणी बोलतच नाही."

पैलवानाला यातलं फारसं काही समजलं नव्हतं. तो पळी हातात धरून माझ्यापुढे उभा राहिला. साहेब काही सांगेनात, निदान बाई तरी सांगतील, अशा आशेने. "ताई, चव बरी होती ना?"

"फार सुरेख," मी म्हटलं. मग इकडेतिकडे पाहिलं आणि वाडगा पुढे केला. "थोडं अजून द्याल?"

त्याने काठोकाठ भरला. तेवढ्यात बहीण-भावांचं पुन्हा जुंपलं. हे म्हणत होते की आता दर महिन्याला येईन, आणि वन्सं म्हणत होत्या की माझी खोली म्हणजे धर्मशाळा नाही, वर्षातून एकदा ये आणि येताना पैज घेऊन येऊ नकोस. कामगारांनी बाजू वाटून घेतल्या होत्या. पैलवान ह्यांच्या बाजूने. मला वन्संच्या बाजूने दोन शब्द बोलायचे होते, पण वाडगा नुकताच भरला होता आणि मी पहिला चमचा उचललाही होता.